घरी बांधलेलं कर्नेल

माझ्या मुलानं, धैर्यशीलनं, मला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि लॅपटॉप माझ्या पाठीमागं स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवला.

"अण्णा, बटण दाबताना मी टिचकी वाजवणार. टिचकीनंतर आवाज यायला किती वेळ लागतोय तेवढं बघा. एकदा लॅपटॉपात तयार मिळतं ते कर्नेल असंल, एकदा तुमच्या सुनेनं बांधलेलं. कधी कुठलं, ते सांगणार नाही. जे जलद वाटंल त्याला हात वर करा."

टिचकी वाजली. अंमळ थांबून यंत्र म्हणालं, "बोला बजरंगबली की जय." मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू होईपर्यंत माझ्या बायकोचा, हौसाचा, चहा उकळून झाला. पुन्हा टिचकी, पुन्हा तेवढंच थांबणं, पुन्हा बजरंगबली. मी हात वर केला नाही. मला दोन्ही सारखीच वाटली.

धैर्यशीलला हसू आवरेना. दोन महिने सोनल रोज संध्याकाळी तो लॅपटॉप तापवत बसली होती आणि फरक काडीचा नव्हता. सोनल मात्र हार मानणाऱ्यातली नाही. तिनं त्याला एक सिनेमा लॅपटॉपवर उतरवायला लावला आणि तो उतरत असताना हीच परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितली. या वेळी एका कर्नेलवर यंत्र "बो-बो-बोला" असं अडखळलं आणि दुसऱ्यावर सरळ बोललं. मी सरळ बोललेल्याला हात वर केला. ते सोनलचं होतं.

"कुस्तीच्या मैदानात अण्णा सिनेमा कशाला उतरवतील?" धैर्यशील म्हणाला.

"अडखळत नाही ना? मग झालं," सोनल म्हणाली.

दोघंही आपण जिंकलो अशा तोऱ्यात चहा प्यायले.

तो लॅपटॉप म्हणजे माझी जीभ होती. गेल्या पावसाळ्यात मिरजेला माझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. दुसऱ्या कुणाचा गेला असता तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. पण मी रंगराव खबाले, बोरवाडीच्या कुस्ती मैदानाचा निवेदक. आखाड्यात कुस्ती लागली की काय चाललंय ते कर्ण्यावरून सांगायचं काम माझं. कुठल्या पैलवानाचा वस्ताद कोण, त्याच्या बापानं कुणाला आस्मान दाखवलं होतं, आत्ता कुणी पट काढला, कुणी कब्जा घेतला, हे सगळं मी पंचवीस-तीस वर्षं सांगत आलो. पाठीमागं उभ्या असलेल्या माणसाला पैलवान दिसत नाहीत, त्याला कुस्ती माझ्या तोंडून दिसायची. घरी आल्यावर मी फारसा बोलायचो नाही. हौसा म्हणायची, बाहेरचं सगळं सांडून येतात आणि आम्हाला रिकामा हंडा.

गळ्याला लावून बोलायचं एक छोटं यंत्र मिळतं, ते आणून बघितलं. पिठाची चक्की बोलतेय असं वाटायचं. ते कपाटात गेलं. मग मी पाटी आणि खडू घेतला. पाटीवर भाजी सांगता येते, कुस्ती सांगता येत नाही.

लॅपटॉपची कल्पना सोनलची. ती माझी सून, इस्लामपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. धैर्यशील पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. तिनं आपल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं आणि टाइप केलेलं मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम बसवला. मी दोन बोटांनी टाइप करायचो, शेवटचं बटण दाबायचो आणि यंत्र बोलायचं. आवाज असा की फोनवर बिल भरायला सांगणाऱ्या बाईला सर्दी झालीय. तरी मी खूश होतो. अडचण एकच, बटण दाबल्यावर ते क्षणभर विचारात पडायचं. घरात त्याचं काही वाटत नाही. कुस्तीत तेवढ्यात माणूस चितपट होतो.

सोनलचं म्हणणं, दोष कर्नेलचा. कर्नेल म्हणजे काय, हे तिनं मला माझ्या भाषेत सांगितलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर ते तो ठरवतो. तयार मिळणारा कारभारी साऱ्या दुनियेसाठी बनवलेला, त्याला हजार जातीच्या यंत्रांची ओळख. आपल्याला तेवढी गरज नाही. आपण आपल्यापुरता कारभारी बांधू, नको ते काढून टाकू आणि त्याला बजावू, की आवाजाचं काम आधी. धैर्यशीलचं म्हणणं, कारभारी चांगला आहे. वेळ लागतो तो आवाज बनवणाऱ्या प्रोग्रॅमला आणि त्याहून जास्त अण्णांच्या दोन बोटांना. रोजच्या वापराच्या मशीनवर असले उद्योग करणारे लोक हौशी असतात. चालू गाडीचं इंजिन खोलून ठेवायचं आणि मग शेवटचा नट कुठं गेला म्हणून शोधत बसायचं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला माइक हवा होता.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष भगवान तात्या, माझ्या बरोबरीचे. तालमीत आम्ही एका मातीत लोळलो. त्यांनी घरी येऊन स्पष्ट सांगितलं होतं. "रंगा, ह्या यात्रेला माइक तुझाच. दुसरा कुणी सांगितलेला नाही. जमलं तर दरसाल तूच. नाही जमलं तर पुढच्या वर्षी कडेगावचा माणूस बोलवायचा, आणि तू मन वाईट करून घ्यायचं नाहीस." मी पाटीवर 'बरं' लिहिलं. त्यानंतर माझं जेवण कमी झालं, हे हौसानं सगळ्यांना सांगितलं.

तर सोनल कर्नेल बांधायची. एकदा बांधायला घातलं की तो म्हातारा लॅपटॉप संध्याकाळभर घरघरत बसायचा. त्याचं काम चालू असताना मला टाइप करता यायचं नाही. मग आम्ही दोघं त्याच्यासमोर बसून काय करणार? तिनं मोबाइलवर जुन्या कुस्त्या लावायला सुरुवात केली. मी बोटानं दाखवायचो, ती डावाचं नाव सांगायची. चुकली की मी नकाराची मान हलवायचो. नुसत्या मानेनं भागलं नाही की मी लोड उचलून त्याच्यावरच डाव करून दाखवायचो. हौसा एकदा दळण घेऊन आली तर मी लोडाला खाली घेऊन त्याच्यावर बसलेला. "आवाजाबरोबर आणखी काही काढलं का डॉक्टरांनी?" असं विचारून ती आत गेली. हसून हसून सोनलच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी शेवटी ती मोबाइल माझ्या हातातून घेऊन स्वतःच सांगायची, "मामा, हा पायाकडं बघतोय, हा पट काढणार." बऱ्याचदा तो काढायचा.

यात्रेच्या दिवशी मैदान भरलं. हलगी कडाडत होती. आमच्याकडं तेव्हा बायका मैदानात उतरत नसत. आसपासच्या गच्च्यांवरून बघायच्या. सोनलला तात्यांनी निवेदकाच्या चौथऱ्यामागं खुर्ची दिली, ती यंत्राची माणूस म्हणून. धैर्यशील माझ्या शेजारी. मी फेटा बांधला होता.

आमची योजना साधी होती. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरसमोर माइक धरायचा. हौसाच्या भजनी मंडळाच्या माइकवर आम्ही ते घरी करून बघितलं होतं. पण भजनी मंडळाचा एक डबा आणि मैदानाचे चौफेर कर्णे यात फरक आहे. माइक स्पीकरजवळ नेला आणि कर्ण्यांनी अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेनं कानात बोटं घातली. आवाज कमी केला तर यंत्र काय बोलतंय ते मलाही ऐकू येईना.

स्पीकरवाला सर्जेराव अनुभवी माणूस. त्यानं विचारलं, वायर सरळ लॅपटॉपला का लावत नाही? लॅपटॉपचं वायरचं भोक केव्हाच निकामी झालं होतं. त्यावरही त्याच्याकडं उपाय होता. पेनड्राइव्हसारखी खुपसायची एक डबी, तिच्यातून आवाज बाहेर काढता येतो. "सगळ्यांचे लॅपटॉप ह्याच्यावर चालत्यात," तो म्हणाला. डबी खुपसली. डबीवरचा दिवा लागला. यंत्राला मात्र डबी दिसली नाही.

सोनल पुढं आली. तिनं दोन-तीनदा डबी काढून लावली, काहीतरी टाइप केलं आणि पडद्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"जुनं कर्नेल लाव," धैर्यशील हळूच म्हणाला. "ते ही डबी ओळखतंय."

"जागा पुरंना म्हणून मी ते परवा काढून टाकलं."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, तरी तो बोलला नाही, याबद्दल मी त्याला अजून मानतो.

सोनल माझ्याकडं वळली. "मामा, मी कर्नेल बांधताना मशीनला त्या दिवशी जे जोडलेलं होतं तेवढंच ठेवलं. बाकी सगळं काढलं. ही डबी त्या दिवशी जोडलेली नव्हती. आता नवं बांधायचं तर संध्याकाळ होईल."

खाली पहिली जोड सलामी देत होती. तात्या चौथऱ्यावर चढून आले. कर्ण्यांची शिट्टी त्यांनीही ऐकली होती. काय झालं ते कळल्यावर ते म्हणाले, "मग पोराला वाचू दे की. तू टाइप कर, तो पडद्यावर बघून बोलंल."

चांगला तोडगा होता. धैर्यशीलनं माइक घेतला. माझा मुलगा हुशार आहे, पण तालमीची पायरी तो कधी चढला नाही. मी टाइप करायचो, तो वाचायचा, पण आपण काय वाचतोय हे त्याला कळायचं नाही. मी 'एकलंगी भरली' लिहिलं तर त्यानं ते रेल्वे कुठल्या फलाटावर येतेय ते सांगावं तसं सांगितलं. पुढं तो अडला. मागून सोनल हळू आवाजात त्याला सांगायला लागली, "कब्जा घेतला म्हण. खाली कोण आहे ते सांग." एकदा तो लाल लांग नेसलेल्या पैलवानाला निळा म्हणाला आणि मैदान हसलं. निवेदकावर मैदान हसणं म्हणजे काय, ते निवेदकालाच कळतं. मी मान वर केली नाही.

पहिली कुस्ती संपली. धैर्यशीलनं माइक सोनलच्या हातात दिला. "तूच घे. मला ह्यातलं ओ का ठो कळत नाही."

तात्या आडवे आले. आवाज चढवला नाही, पण शब्द पक्के होते. "रंगा, आजवर ह्या मैदानात बाईचा आवाज गेलेला नाही. यंत्राला हात लावायला म्हणून बसवली, तेवढं चाललं. माइकचं चालणार नाही. लोक मला विचारतील."

सोनल माइक परत द्यायला निघाली होती. मी तिला हातानं थांबवलं. मग टाइप केलं आणि बटण दाबलं. लॅपटॉपचा बारका स्पीकर तात्यांच्या तोंडासमोर सर्दी झालेल्या आवाजात म्हणाला, "तात्या, गेली पंचवीस वर्षं माइकवर कोण म्हणून लोकांनी विचारलं की तू माझं नाव सांगायचास. आजही माझंच सांग."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, सोनलकडं बघितलं. मग धोतराचा सोगा सावरत खाली उतरले. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर तिथंच थांबले असते.

सोनलचा पहिला शब्द कर्ण्यावरून गेला तेव्हा मैदानात कुजबूज झाली. गच्चीवरच्या बायका कठड्याशी आल्या. खालून कुणीतरी ओरडलं, "हे कोण?" ती दबकत, पडद्यावरचं जसंच्या तसं वाचत होती. आवाज थोडा कापत होता. पण एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. शेवटचं बटण दाबायची ती वाट बघत नव्हती. मी अर्धा शब्द टाइप करेपर्यंत ती पुरा शब्द बोलून मोकळी व्हायची. कुठलंही कर्नेल बांधलं असतं तरी इतकं जलद काम झालं नसतं. मला हुरूप आला. मी पैलवानांचे वस्ताद, त्यांची गावं, त्यांच्या जुन्या कुस्त्या टाइप करत सुटलो आणि ते सगळं तिच्या तोंडून मैदानावर जायला लागलं. दोन-तीन कुस्त्यांनंतर खालून शिट्ट्या यायला लागल्या, त्या चेष्टेच्या नव्हत्या. मला वाटलं, आलो मी. माणसाला आवाज परत मिळतो तो असा. डोळे भरून आले आणि कळफलक दिसेना, म्हणून उपरण्यानं डोळे पुसले.

शेवटची मोठी कुस्ती. आमच्या तालमीचा जयकर थोरात आणि मिरजेकडचा इर्शाद मुजावर. दोघंही तोलाचे. बराच वेळ खडाखडी झाली. जयकरनं पट काढून इर्शादला खाली घेतलं आणि वर स्वार झाला. तिथून जयकर घिस्सा घालणार हे मला ठाऊक होतं. त्याचा हात इर्शादच्या लांगेकडं गेलेला मी बघितला होता, आणि लांग धरून मारायचा घिस्सा हा त्याचा हुकमी डाव. मी खाली बघून टाइप करायला लागलो, 'जयकर थोरात घिस्सा घालतोय'.

सोनलनं ते वाचलं नाही.

"घिस्सा नाही," कर्ण्यावरून तिचा आवाज आला. आता तो कापत नव्हता. "लांग सोडली जयकरनं. मान धरली, पाय धरला. मोळी बांधतोय. इर्शादची मोळी बांधली. उलटवला. बघा, पाठ बघा, पाठ मातीला लागली. चितपट. जयकर थोरात चितपट कुस्ती मारतोय."

मैदान उठलं. फेटे हवेत गेले, हलगी बेभान झाली. मी मान वर केली तेव्हा पंचांनी जयकरचा हात वर धरलेला होता.

ती मोळी मी बघितली नाही. सोनलनं सांगितली म्हणून मला कळली, जशी मागच्या रांगेतल्या माणसाला कळते. मी पडद्याकडं बघितलं. तिथं 'जयकर थोरात घिस्सा घा' एवढंच होतं. आणि मग मला समजलं, की सकाळपासून एकही कुस्ती मी धड बघितलेली नाही. माझी मान खाली होती. दोन बोटांनी अक्षरं शोधत मी बसलो होतो आणि कुस्ती पलीकडं होत होती. उशीर यंत्राचा नव्हता आणि कारभाऱ्याचाही नव्हता. ज्याची नजर मातीवर नाही तो निवेदक कसला? जगातलं सगळ्यात जलद यंत्र दिलं असतं तरी मला माइक परत मिळणार नव्हता. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, छातीत कळ यावी इतकं वाईट वाटलं.

सोनलला आपण काय केलं ते तेव्हा कळलं असावं. ती माइक खाली घेऊन माझ्याकडं बघत होती. "मामा, मी पडद्याकडं बघितलंच नाही. चुकलं का?"

अजून एक कुस्ती शिल्लक होती, ऐनवेळी ठरलेली, दोन नव्या पोरांची. पोरं आखाड्यात उतरून माती अंगाला लावत होती. मी लॅपटॉप मिटला आणि धैर्यशीलकडं दिला. खुर्ची चौथऱ्याच्या काठाला ओढली. सोनलला हातानं खूण केली, चालू दे. मग तिनं माइक तोंडाशी नेला आणि पोरांची गावं सांगायला सुरुवात केली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ती कुस्ती बघितली. बरी झाली. उजव्या पोराचा डावा पाय कच्चा होता. तेवढं सोनलनं सांगितलं नाही, तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. घरी गेल्यावर लोडावर दाखवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले आणि जाताना उंबऱ्यात थांबून सोनलला म्हणाले, "पुढच्या यात्रेला सुट्टी काढून ठेव." माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. आज बारा वर्षं झाली. कडेगावच्या माणसाला बोरवाडीनं अजून बोलावलेलं नाही.

ते गेल्यावर धैर्यशील लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला. सोनल म्हणत होती, एक संध्याकाळ द्या, सगळ्या डब्या ओळखणारं नवं कर्नेल बांधते, जलदही राहील. धैर्यशील म्हणाला, तयार मिळतं तेच टाकू, त्याला काही होत नाही, फक्त आवाज जरा उशिरा येईल. बोला अण्णा, कुठलं टाकू?

मी लॅपटॉप पुढं ओढला. सावकाश एकेक अक्षर शोधून टाइप केलं आणि बटण दाबलं. क्षणभर विचार करून यंत्र म्हणालं, "तयार मिळतं तेच टाक. आता मला घरातच बोलायचंय."

आतून हौसा म्हणाली, "मग आधी भाजी कुठली करू ते सांगा."